बोटाला सोसेल अशी पेज

मित्रांनो, मी एक जुनी पितळी झारी आहे, आणि माझी तोटी वाकडी आहे.

झारी म्हटल्यावर कुंड्यांना पाणी घालायची मोठी झारी डोळ्यांसमोर आणू नका. मी तळहातावर मावते. तान्ह्या बाळाला दूध, पाणी, पेज पाजण्यासाठी माझा जन्म झाला. काही घरांत मला बोंडलं म्हणत. आता बहुतेक घरांत मला काहीच म्हणत नाहीत, कारण मला कोणी ओळखतच नाही.

माझी तोटी जन्मापासून वाकडी नव्हती. सोलापुरातल्या एका तांबटाने मला पितळेच्या पत्र्यातून ठोकून काढलं, तेव्हा ती पाखराच्या चोचीसारखी सरळ आणि नेटकी होती. तिच्या टोकाचं भोक ज्वारीच्या दाण्याएवढं होतं. तांबटाने मला उजेडाकडे धरून एक डोळा मिटला, तोटीतून आरपार पाहिलं आणि म्हणाला, "जमली." तेवढंच माझं कौतुक. पण ते मी अजून विसरले नाही.

गुरम्माच्या आईने लेकीच्या पहिल्या बाळंतपणात मला विकत आणलं. गुरम्माचा मुलगा ईरप्पा माझ्यातून दूध प्यायला, त्याच्यामागून मुलगी नागम्मा प्यायली. वर्षातून एकदा कल्हईवाला दारात यायचा. नवसागराचा धूर व्हायचा आणि मी आतून चांदीसारखी लखलखायची. मग मुलं मोठी झाली. मला एका फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवलं. तिथे मी वीस-बावीस वर्षं पडून होते. अंधारात पितळ काळं पडतं, मित्रांनो, पण त्याची आठवण काळी पडत नाही.

पेटी उघडली ती दुष्काळात.

ईरप्पाचं लग्न झालं होतं. बायकोचं नाव दाक्षायणी. सातवीपर्यंत शिकलेली, कमी बोलणारी आणि सांगितलेलं काम अगदी सांगितल्यासारखं करणारी. त्यांना एक मुलगी झाली, काशम्मा. सगळे तिला काशी म्हणत. काशी सात महिन्यांची असताना दाक्षायणीला विषमज्वर झाला. दोन महिने ती अंथरुणाला खिळली. बरी झाली, पण तिचं दूध आटलं ते आटलंच. म्हणून गुरम्माने पेटीतून मला काढलं, चिंचेने घासलं आणि गाईचं दूध भरून काशीच्या ओठाला लावलं.

एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही, ती तुम्हाला सांगते. त्या साली आमच्या सोलापूरच्या चाळीत पाण्याचे हाल होते. मला विसळायला दोन वाट्या पाणी मिळालं तर मिळालं. माझी तोटी अरुंद, तिच्या आत बोट जात नाही, काडी जात नाही. कालचं दूध तिथे चिकटून राहायचं आणि आजचं त्याच्यावरून वाहायचं. काशीला जुलाब सुरू झाले. त्यात माझा हात किती होता ते मला माहीत नाही. पण मी स्वतःला कधी पूर्ण सोडलेलं नाही.

जुलाब थांबले, पण काशी सुकत गेली. दूध दिलं की पोट पुन्हा बिघडायचं. १९७३ सालच्या एप्रिलमध्ये एका सोमवारी दाक्षायणीने तिला वस्तीच्या दवाखान्यात नेलं. गुरम्माही गेली. पाणी पाजायला लागेल म्हणून मी पिशवीत होते. तिथल्या नर्स मथुराबाई करमाळ्याकडच्या, धिप्पाड आणि मोठ्या आवाजाच्या होत्या. त्यांनी काशीला काट्यात ठेवलं. काटा पाच किलो शंभर ग्रॅमवर थांबला.

"किती महिन्यांची?" मथुराबाईंनी विचारलं.

"दहा," दाक्षायणी म्हणाली.

मथुराबाईंचा आवाज उतरला. "बाई, दहा महिन्यांच्या पोरीला हे वजन म्हणजे धोका आहे. दूध सध्या बंद. तिच्या आतड्याला आत्ता ते झेपत नाही. पेज द्या. दिवसातून पाच वेळा, घट्ट, पोटभर. आणि बाळाच्या तोंडात जाईल ते सगळं खदखदून उकळलेलं पाहिजे. गॅस्ट्रोची साथ आहे. उकळल्याशिवाय एक थेंब नाही. कळलं?"

"कळलं."

"पुढच्या सोमवारी आणा. काटा वर सरकला पाहिजे."

दवाखान्याच्या पायरीवरच गुरम्माने आपला निर्णय सांगितला. "दाक्षायणी, पुढच्या सोमवारी नागम्मा येणार हाय. काटा वर गेला न्हाय, तर पोर तिच्यासंगं जाईल. तिच्या दारात दुभती म्हैस हाय."

नागम्मा अक्कलकोटच्याही पलीकडच्या खेड्यात राहायची. तिथे ना दवाखाना, ना काटा. होती ती म्हैस. आणि दूध तर या पोरीला विष झालं होतं.

"अत्ते, सिस्टर म्हणाल्या दूध बंद." सासूला ती कानडी रीतीने अत्ते म्हणायची.

"सिस्टरनं किती पोरं वाढवली? मी दोन वाढवली. ह्याच झारीनं."

दाक्षायणीने काशीला छातीशी धरलं. तिच्या बोटांनी पिशवीतून मला किती घट्ट दाबलं होतं, ते फक्त मला ठाऊक.

आता पेजेचं सांगते. दूध सोसेना तेव्हापासूनच दाक्षायणी अधूनमधून ती देऊन बघत होती. रेशनला तेव्हा बाहेरदेशची लाल ज्वारी मिळायची, तिला मिलो म्हणत. तिची पेज घट्ट केली की डिंकासारखी होई. ती माझ्या तोटीतून उतरेना. दाक्षायणी मला उलटी करी, हलवी, तळावर बोटाने टकटक करी. तोटीच्या टोकाशी एक लाल थेंब येऊन लोंबकळत राही. काशी तोंडाचा आ करून त्या थेंबाची वाट पाही. चमच्याने दिली तर ती जिभेने बाहेर ढकली. अशक्त बाळाला घट्ट घास गिळायचीही ताकद लागते, आणि ती तिच्यात नव्हती. मग दाक्षायणी पेजेत पाणी ओती. पेज वाहू लागे. काशीचं पोट नगाऱ्यासारखं फुगे आणि तासाभरात पुन्हा भुकेचं किरकिरणं सुरू होई. पोट भरत होतं पाण्याने. अन्न त्यात दोन चिमटीसुद्धा नसायचं.

गुरम्माकडे यावर उपाय होता. तिच्या बहिणीने कर्नाटकातून पाठवलेला एक डबा फळीवर होता. त्यात नाचणीचं पीठ होतं, पण साधं नव्हे. नाचणी भिजवून, फडक्यात बांधून, तिला मोड आणून, मग वाळवून, मोड चोळून काढून, मंद भाजून दळलेलं. गुरम्मा त्याला रागीचं मोडपीठ म्हणायची. सोमवारी संध्याकाळी तिने घट्ट पेज केली. भगुलं चुलीवरून उतरवलं आणि उंबऱ्यात बसून शेजारणीशी गप्पा मारू लागली. अन्नछत्रात भाजी कशी खारट झाली, कोणाची सून कशी माहेरी गेली. बऱ्याच वेळाने तिने भगुल्यात बोट बुडवलं, बोट झटकलं, डब्यातून एक चमचा मोडपीठ टाकलं आणि पळीने ढवळून वर ताट झाकलं.

थोड्या वेळाने ताट उचललं तेव्हा मी चकित झाले. पाण्याचा एक थेंब घातला नव्हता, तरी पेज पातळ झाली होती! माझ्या तोटीतून ती दुधासारखी वाहिली. काशी सगळी पेज प्यायली आणि शांत झोपली.

दाक्षायणी तेव्हा घरात नव्हती. चाळीला एकच नळ होता आणि त्याला संध्याकाळी तासभर पाणी यायचं. त्या तासात प्रत्येक घरची सून हंडे घेऊन रांगेत असायची. ती आली तेव्हा लेक झोपलेली होती आणि मी रिकामी.

"अत्ते, काय घातलंत?"

"त्या डब्यातलं एक चमचा. एवढ्या पेजेला एक चमचा, लक्षात ठेव. उद्यापासून दिवसाची पेज तू कर."

गुरम्मा सकाळपासून मठाच्या अन्नछत्रात स्वयंपाकाला जायची. दुष्काळी कामावरची माणसं तिथे जेवायची. शंभर माणसांची आमटी ती नजरेने करायची. तिच्या हाताला गुण आहे असं सगळी वस्ती म्हणायची, आणि ते तिलाही पटलेलं होतं. म्हणून तिने सुनेला डबा दाखवला, चमचा दाखवला. बाकी काही सांगायचं असतं हे तिच्या मनातही आलं नाही.

मंगळवारी सकाळी दाक्षायणीने पेज चुलीवर ठेवली. ती रटरट उकळू लागली तेव्हा तिने डब्यातून मोजून एक चमचा पीठ टाकलं आणि वर आणखी दहा मिनिटं खदखदू दिलं. उकळल्याशिवाय एक थेंब नाही, असं सिस्टर म्हणाल्या होत्या ना! मग तिने पेज माझ्यात भरली.

पेज उतरली नाही. थेंब लोंबकळत राहिला.

तिने दुपारी पुन्हा केली, दोन चमचे घातले. पेज उलट आणखी घट्ट झाली. संध्याकाळी ती नळावर गेली. गुरम्माने त्याच डब्यातलं, त्याच चमच्याने पीठ घातलं, आणि पेज वाहिली. बुधवारी तसंच. सकाळी नाही, दुपारी नाही, संध्याकाळी मात्र होय.

"हे हाताचं असतं, बाई," बुधवारी गुरम्मा म्हणाली. ती रागाने बोलली नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "तुझ्या हाताला गुण न्हाय, त्याला तू काय करणार? माझ्या एका वेळच्या पेजेवर पोर कशी जगल? नागम्माचा हात माझ्यावर गेलाय. जाऊ दे तिच्याकडं."

दाक्षायणी आपल्या तळहातांकडे बघत राहिली. मित्रांनो, आईला असं वाटणं किती वाईट, की आपल्याच हातात खोट आहे. दोन्ही वेळी मी चुलीपाशीच होते. सकाळी काय होतं, संध्याकाळी काय होतं, सगळं मी पाहिलं होतं. पण अर्थ मलाही कळत नव्हता, आणि कळला असता तरी मला तोटी होती, तोंड नव्हतं.

गुरुवारी ईरप्पा पहिली पाळी करून घरी आला. तो गिरणीत कापड धुण्याच्या खात्यात होता. त्याने बायकोचा चेहरा बघितला. मला हातात घेतलं, तोटी निरखली आणि म्हणाला, "हिचं भोकच लहान हाय. थांब, मोठं करतो."

त्याने कानस आणली आणि माझ्या तोटीवर चालवली. मला वेदना होतात की नाही ते विचारू नका. पितळेचा भुगा त्याच्या मांडीवर पडत होता. ज्वारीच्या दाण्याएवढं भोक हरभऱ्याएवढं झालं. दाक्षायणीने मला उकळत्या पाण्यात धुतलं, घट्ट पेज भरली आणि काशीला मांडीवर घेतलं.

पहिल्यांदा काहीच आलं नाही. तिने मला आणखी कलती केली. आणि मग पेजेचा एक अख्खा गोळा सटकन सुटला आणि काशीच्या घशात गेला.

ठसका लागला नाही. ठसका लागला असता तर बरं झालं असतं. काशीचा आवाजच बंद झाला. तिचे डोळे मोठे झाले, ओठ निळे पडू लागले.

"अहो!" दाक्षायणी किंचाळली. मी तिच्या हातून फरशीवर पडले. तिने काशीला पालथं करून हातावर घेतलं, डोकं खाली केलं आणि पाठीवर थापट्या मारू लागली. एक. दोन. तीन. ईरप्पा नुसता उभा होता, हातात कानस घेऊन. चार. पाच. लाल गोळा फरशीवर पडला आणि काशी रडली. इतकं गोड रडणं मी माझ्या आयुष्यात ऐकलेलं नाही.

 मग दाक्षायणीने पक्कड घेतली आणि माझी तोटी टोकाशी दाबली. दाबली ती रागाने. भोक पुन्हा लहान झालं, पण तोटी एका बाजूला वाकली. ती आजही तशीच आहे.

शुक्रवारी काशीने दिवसभर दोन घोट पाण्यापलीकडे काही घेतलं नाही. संध्याकाळी गुरम्माच्या हातची पेज घेतली, तीही अर्धीच. गुरम्माने काशीची लहान झबली धुऊन वाळत घातली आणि घडी करून एका पिशवीत भरली. पिशवी खुंटीला टांगली. दाक्षायणी त्या पिशवीकडे न बघता घरात वावरत होती.

शनिवारी दुपारी ईरप्पाबरोबर त्याच्या खात्यातला तिप्पण्णा घरी आला. तोंड पडलेलं होतं. दोघे उंबऱ्यात बसले. दाक्षायणी आत चुलीपाशी होती आणि मी तिच्या शेजारी पालथी.

"हसू नकोस बरं का," तिप्पण्णा म्हणाला. "वैनी, ह्येला सांगा. गिरणीपासनं हितंपर्यंत हसतोय."

"हसू न्हाय तर काय करू?" ईरप्पा म्हणाला. "चारशे वार कापड पत्र्यासारखं करून ठेवलं गड्यानं. आता त्येची छपरं घाला म्हणावं."

"मी काय केलं? वाफेची चावी जरा जास्त सुटली. पाणी उकळलं. खात्याचा मास्तर म्हणतो, पावडर मेली! आता पावडर काय जित्ती असती व्हय? पावडर ती पावडर."

"जित्ती न्हाय, पर मरती खरी. वर्स झालं मास्तर वरडतोय, पाणी हाताला जेमतेम सोसंल एवढंच ठेवा. लई गरम झालं की तिचं काम संपलं. मग पोतं ओत न्हायतर दोन पोती."

आतमध्ये दाक्षायणीच्या हातातली पळी थांबली.

ती बाहेर आली. पदर सावरून तिने विचारलं, "भावजी, ती पावडर काय करते?"

तिप्पण्णाला कोणीतरी नीट प्रश्न विचारल्याचं बरं वाटलं. "खळ उतरवती, वैनी. विणायच्या आधी सुताला खळ लावतात न्हवं का, ताठ राहावं म्हणून? विणून झालं की ती काढाय लागती, न्हायतर रंग बसत न्हाय. नुसत्या पाण्यानं निघत न्हाय ती, लई चिवट. ही पावडर घातली की तिचं पाणी होतं. जणू खाऊनच टाकती."

"आणि खळ कशाची असते?"

"मक्याच्या पिठाची. शिजवून केलेली. आपली पेज असती की, तशीच."

दाक्षायणी वळून आत गेली. मी तिचा चेहरा बघत होते. फळीवरच्या डब्याकडे, चुलीवरच्या भगुल्याकडे आणि मग दारातल्या उंबऱ्याकडे, जिथे रोज संध्याकाळी सासू भगुलं घेऊन गप्पा मारत बसते, तिथे तिची नजर गेली. आपण नळावर असतो तेव्हा घरात काय होतं, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. ते तिने आता मनात पाहिलं.

तिने घट्ट पेज शिजवली. भगुलं खाली उतरवलं. आणि वाट पाहिली. वाफ कमी झाली तशी तिने बोट बुडवलं आणि झटकन काढलं. अजून नाही. पुन्हा थांबली. पुन्हा बोट बुडवलं. चटका बसत होता, पण सोसत होता. तिने एक चमचा मोडपीठ घातलं, ढवळलं, ताट झाकलं.

बाहेर दोघे कशावरून तरी भांडत होते. काशी पाळण्यात होती, तिच्यात आता किरकिरायचंही त्राण उरलं नव्हतं. दाक्षायणी ताटावर हात ठेवून बसली होती. मला वाटलं, ती देवाचं नाव घेत असावी. पण तिचे ओठ हलत नव्हते.

तिने ताट काढलं, पळी भरून उचलली आणि तिरकी केली. पेज पळीवरून धारेने खाली आली.

तिने डोळे पुसले. पण लगेच तिचा हात थांबला. उकळल्यानंतर घातलेलं हे पीठ. उकळल्याशिवाय एक थेंब नाही! फळीवरचा डबा, कोणाकोणाचे हात लागलेला चमचा. पुन्हा जुलाब लागले तर सोमवार उजाडायचाही नाही. आणि पुन्हा उकळली, आणि पेज परत घट्ट झाली तर? घरातलं पीठ संपत आलं होतं, आणि काशीतला जोरही.

एका हाताशी नर्सचं सांगणं होतं, दुसऱ्या हाताशी सासूचं. दाक्षायणीने दोन्ही धरलं. भगुलं उचललं आणि परत चुलीवर ठेवलं.

बुडबुडे आले. पेज खदखदली. ती पळी घेऊन त्या पेजेकडे वाकून बघत राहिली. पेज पातळच राहिली. काम होऊन गेलं होतं. आता पिठातला तो गुण मेला तरी चालणार होता.

पेज निवल्यावर तिने ती माझ्यात भरली. माझ्या वाकड्या तोटीतून ती सरळ काशीच्या ओठांत गेली. एक झारी. दुसरी झारी. तिसरीला काशीने आपल्या काटकुळ्या हाताने माझी कड धरली, सोडीचना.

मित्रांनो, त्या भगुल्यात काय झालं ते मला दोन दिवसांनी मथुराबाईंच्या तोंडून कळलं. पिठात पिष्ट असतं. पिष्ट म्हणजे साखरेच्या बारीक मण्यांच्या लांबच लांब माळा. शिजल्या की त्या पाणी धरून फुगतात आणि एकमेकींत गुंततात, म्हणून पेज घट्ट होते. धान्याला मोड येतो तेव्हा त्या कोंबाला खायला हवं असतं, म्हणून दाणा स्वतःच एक पाचक रस तयार करतो. तो या माळा जागोजागी कापतो. तसाच रस तुमच्या थुंकीत आहे. भाकरीचा घास न गिळता खूप वेळ चावून बघा, गोड लागू लागेल. ती कापलेल्या माळांची गोडी. पोटातल्या आंबट रसात थुंकीचं काम थांबतं. पुढे स्वादुपिंडाचा रस तेच काम पुन्हा हाती घेतो, आणि आतड्याच्या अस्तरातले रस शेवटी एकेक मणी सुटा करतात. तेव्हा कुठे साखर रक्तात जाते आणि अंगात जोर येतो. दुधातली साखर तोडणारा रसही त्या अस्तरातच असतो. जुलाबांनी काशीचं अस्तर खरवडून गेलं होतं, म्हणून तिला दूध सोसत नव्हतं. आणि हे सगळे रस नाजूक असतात. अंगाच्या उबेत, किंवा तिच्याहून थोड्या जास्त उबेत राबतात, उकळीत संपतात.

दाक्षायणीच्या हातात खोट नव्हती. खोट होती ती फक्त उकळीच्या वेळेत.

रविवारी काशी पाच वेळा प्यायली. सोमवारी सकाळच्या मोटारीने नागम्मा आली. सगळे दवाखान्यात गेले. खुंटीवरची पिशवी गुरम्माच्या काखेत होती, मी दाक्षायणीच्या. काशीला काट्यात ठेवलं. काटा खाली-वर झुलत राहिला. दाक्षायणीने डोळे मिटून घेतले होते.

"पाच किलो अडीचशे," मथुराबाई म्हणाल्या. मग स्वतःच वाकून पुन्हा बघितलं. "अडीचशेच. काय घातलंत हो पोरीला?"

दाक्षायणीने सांगितलं. अडखळत, पण क्रमाने. मथुराबाईंनी माझ्यातली पेज तळहातावर घेऊन चाखली.

"साखर घातली."

"न्हाय."

"गूळ?"

"काही न्हाय, सिस्टर."

मथुराबाई बाकावरून उठल्या. जखमेला लावायचं टिंचर आयोडीन आणलं. दाक्षायणीने दाखवायला म्हणून वाटीत आणलेल्या साध्या घट्ट पेजेवर एक थेंब टाकला. ती काळीनिळी झाली, म्हणजे पिष्टाच्या माळा शाबूत. माझ्यातल्या पेजेच्या थेंबावर टाकला. तो तांबूस जांभळाच राहिला, म्हणजे माळा तुटलेल्या. "ट्रेनिंगला असताना बघितलं होतं हे," त्या हळूच म्हणाल्या. "परीक्षेला लिहिलं होतं आणि तिथेच विसरले. मी उकळा म्हणाले, पण कधी ते नाही सांगितलं."

गुरम्मा त्या काळ्यानिळ्या पेजेकडे वाकून बघत होती. आता ती म्हणाली, "म्हंजी माझ्या हाताला गुण न्हवता म्हणायचं?"

 नागम्माने चपलेकडे बघितलं.

"हाय की, अत्ते," दाक्षायणी म्हणाली. "तुमच्या गप्पा संपेस्तोवर पेज बरोबर निवते. माझ्याशी कोण गप्पा मारत न्हाय, म्हणून माझी निवत नव्हती."

मथुराबाई खदखदून हसल्या. गुरम्मा हसली नाही. तिने काखेतली पिशवी सुनेच्या हातात दिली, काशीला उचललं आणि म्हणाली, "यव्वा, जड झालीस गं." दीडशे ग्रॅमची वाढ हाताला कळत नाही, मित्रांनो. पण तिला कळली.

नागम्मा परत गेली ती मोडपिठाची अर्धी पुरचुंडी घेऊन. त्या दिवसापासून संध्याकाळी चुलीपाशी दोघी बसू लागल्या आणि पाण्याच्या रांगेत ईरप्पा हंडे घेऊन उभा राहू लागला. चाळ महिनाभर हसली, मग तिला सवय झाली. डबा रिकामा झाल्यावर दोघींनी मिळून नाचणीला मोड आणले. अशक्त बाळ कुठल्याही घरात असो, डब्याबरोबर मलाही बोलावणं यायचं. तो माझ्या मानाचा काळ.

पुढे मथुराबाईंनीच मला बाजूला केलं. तोटीच्या भांड्याने बाळांना पाजू नका, ती आतून स्वच्छ होत नाहीत, वाटी-चमचा वापरा, असं त्या घरोघर सांगू लागल्या. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्या खरं बोलत होत्या. तोटीच्या आतलं मला ठाऊकच होतं. मी पुन्हा पेटीत गेले, आणि या वेळी अंधारात मला बरं वाटलं.

आता काशी पन्नाशी ओलांडून गेली आहे. गेल्या महिन्यात तिच्या नातीला पहिली पेज द्यायची होती. कोणीतरी हौसेने मला काढलं, घासलं, म्हणालं, यातूनच पाजू या, फोटो छान येईल. काशीने मला हातात घेतलं आणि माझ्या वाकड्या तोटीवरून अंगठा फिरवला. "न्हाय," ती म्हणाली. "हिनं तिचं काम केलंय." आणि तिने वाटी-चमचा मागितला.

म्हणून मित्रांनो, मला पुन्हा वापरात आणा असं मी म्हणणार नाही. मला चिंचेने घासलं नाही तरी चालेल. फक्त घरातलं कोणी जुनं माणूस काही करून दाखवेल, किंवा दवाखान्यातलं कोणी काही सांगेल, तेव्हा नुसता चमचा मोजू नका. भगुलं कधी उतरवलं तेही विचारा. आणि कोणाची पेज बिघडली, तर तिच्या हाताला नावं ठेवण्याआधी तिच्याशेजारी थोडा वेळ बसा.

नातीच्या पहिल्या पेजेच्या त्या दिवशी मी स्वयंपाकाच्या कट्ट्यावर, काशीच्या शेजारीच होते. काशीने भगुलं खाली उतरवलं. वाफ जाऊ दिली. मग शेजारी बसलेल्या सुनेचा हात धरून तिचं बोट पेजेत बुडवलं.

"सोसतंय?" तिने विचारलं.

"चटका बसतोय, पण सोसतंय."

"मग घाल आता," काशी म्हणाली.